दहा खुर्च्या आणि आम्ही चौघे

काही कामं अशी असतात, की ती करताना हसायचं नाही हे सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं असतं. आमचं काम त्यातलं. कदाचित म्हणूनच असेल, त्या कामातून माझ्याकडे ज्ञान किती साठलं याची मला आजही खात्री नाही. किस्से मात्र इतके साठले, की एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढकलतो.

परवा सकाळी फिरताना एका तरुण डॉक्टरने मला गाठलं. "सर, नव्वदच्या दशकात बारामतीत तुमचं ते मंडळ होतं म्हणे. त्याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. तुम्हीच लिहा!"

घरी येऊन कागद घेतला. वर 'प्रास्ताविक' लिहिलं. खाली रेघ मारली. रेघ वाकडी आली म्हणून दुसरा कागद घेतला. दुपारपर्यंत चार प्रास्ताविकं झाली, इतिहास एकही नाही. शेवटी ठरवलं, इतिहास राहू दे, आठवतंय ते सांगावं. तेही सगळं बरोबर आठवतंय का, ही शंका आहेच. पण माझ्या शंका मिटायची वाट बघत बसलो असतो तर माझं लग्नसुद्धा झालं नसतं!

* * *

आधी आम्ही कोण ते सांगतो.

मी मानसोपचाराचा डॉक्टर. पुण्यात शिकवायचो. त्याआधी दोन वर्षं परदेशात शिकून आलो होतो. तिथे एक गोष्ट पाहिली होती. ज्यांना लैंगिक बाबतीत स्वतःला आवरता येत नाही, नको नको म्हणताना तेच पुन्हा होतं, आणि त्यापायी घर, नोकरी, झोप सगळं जातं, अशी माणसं आठवड्यातून एकदा गोल करून बसतात आणि एकमेकांशी बोलतात. उपदेश नाही, नाव विचारणं नाही. नुसतं बोलायचं आणि ऐकायचं. त्याने फरक पडतो. मला वाटलं, हे आपल्याकडे का नको? मोठ्या शहरात नको, तिथे कुणी ना कुणी करेलच. म्हणून नोकरी सोडून बारामतीला आलो.

बायकोला म्हणालो, "एक वर्ष." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या बॅगेत तीन वर्षं पुरतील एवढे रुमाल भरले.

दुसऱ्या पाठकबाई. बारामतीत त्यांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं त्यांनी केलेली, त्यामुळे अर्धा तालुका त्यांना घाबरायचा. उरलेला अर्धा त्यांच्या पेशंटचे नवरे. तोही घाबरायचा.

तिसरे इंदापूरचे डॉक्टर मारकड. त्वचारोग आणि गुप्तरोग. आवाज असा, की त्यांच्या दवाखान्यातलं गुपित एसटी स्टँडपर्यंत ऐकू जावं. त्यांचे आजोबा मेंढरं राखायचे. मारकड म्हणायचे, "मेंढरांमागं फिरताना आमचा आज्जा जे उघड बोलायचा, ते बोलायची परवानगी मिळवायला मला एम.डी. करावी लागली!"

* * *

मंडळ रजिस्टर करायचं तर सात सह्या लागतात. आम्ही तीन.

मी पेन घेऊन डॉक्टरांकडे फिरायला लागलो. सगळ्यांनी कौतुक केलं. एक म्हणाले, "काळाची गरज आहे सर! मी तनामनाने तुमच्याबरोबर आहे." मी पेन पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, टोपण काढलं, निब पाहिली. "छान आहे. परदेशातलं का?" म्हणाले, आणि टोपण लावून परत दिलं.

दुसरे म्हणाले, "माझी सही कुणालाच वाचता येत नाही, ती करतो. पण खाली नाव टाइप केलंय, तेवढं खोडता येईल का?"

पाठकबाईंनी आपल्या यजमानांची सही आणली. त्यांना नाही म्हणायची सवय नव्हती. मारकडांनी दोन मेहुणे आणले. मेहुण्यांनी कागद वाचलाच नाही. झाले सहा. सातवा मिळेना.

मी राहायचो ती भिगवण रस्त्यावरची इमारत तात्यांची. तात्या कोऱ्हाळे बुद्रुकचे, ऊसवाले. खाली एका भाडेकरूचं खताचं दुकान, वर दोन खोल्या. त्यातल्या एकीत मी. एकदा तात्या सहज आले, टेबलावरचा अर्ज उचलला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पूर्ण वाचून म्हणाले, "हे नेमकं काय काम हाय?"

मी अर्धा तास समजावून सांगितलं. मेंदू, आवेग, बालपण, समाज. दोन आकृत्याही काढल्या.

तात्या म्हणाले, "म्हंजी माणसाला नको असतं, तरीबी पाय तिकडंच जात्यात. आसं?"

"हो. तसंच."

"मग यवढी चित्रं कशाला काढली? आणा पेन."

मला लगेच काळजी वाटली. अशी सही घेणं योग्य का? मी म्हणालो, "तात्या, नीट विचार करा. उद्या पेपरात तुमचं नाव आलं तर? असल्या मंडळात म्हणून?"

तात्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि म्हणाले, "माझं वय एकाहत्तर हाय, डॉक्टर. आलंच पेपरात, तर गावात मान वाढंल!"

* * *

मग बोर्ड. नाव मी सुचवलं होतं: 'लैंगिक आरोग्य व अनिवार वर्तन अभ्यास मंडळ'. पाठकबाई म्हणाल्या, "एवढं वाचेपर्यंत माणूस पुढच्या चौकात जाईल." पण मतदानात माझं एक मत, मारकड गैरहजर आणि तात्या तटस्थ, त्यामुळे बाईंनी कंटाळून मंजुरी दिली.

त्या काळी बारामतीत एक नावाजलेला पेंटर होता. दुकानांचे, शाळांचे, पतसंस्थांचे बोर्ड त्याच्याच हातचे. प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात तिरक्या अक्षरात त्याचं नाव असायचं, आणि ते नाव आहे म्हणजे दुकान चालणार, असं लोक मानायचे.

त्याने मजकूर वाचला. मग दोन मिनिटं ब्रश पुसत बसला.

"सर, पयला शब्द काढला तर? नुसतं आरोग्य छान दिसतंय."

"नाही हो. तो शब्द हवाच."

"मग बारीक काढू?"

"सगळे शब्द एकाच आकाराचे हवेत." इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार कमी वेळा बोललो आहे. बोलून झाल्यावर घरी येऊन पाणी प्यालो.

आठ दिवसांनी बोर्ड आला. काय देखणं काम! अक्षरांना सावली, कडेला वेल, खाली ओळ: 'दर रविवारी चार ते पाच. नाव विचारले जाणार नाही.' मी खूश होऊन उजवा कोपरा पाहिला. कोपरा कोरा.

"अहो, तुमचं नाव राहिलं की!"

पेंटर खाली बघून म्हणाला, "सर, पोरीचं लगीन जमवतोय. पुढच्या साली येऊन टाकतो!"

* * *

आमचं पहिलं जाहीर व्याख्यान वालचंदनगरला झालं. कॉलनीतला एक हॉल मिळाला होता. वक्ता मी. तीन आठवडे तयारी केली. पारदर्शिका, प्रोजेक्टर, आलेख. आणि सगळे शब्द स्पष्ट उच्चारायचे, असं आरशासमोर ठरवून गेलो होतो.

स्टेजवर उभा राहिलो आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेत एक वयस्कर जोडपं बसलं होतं. हुबेहूब माझे काका-काकू! काकूंच्या मांडीवर स्वेटरची लोकर.

मी तोंड उघडलं आणि ठरवलेला शब्द काही बाहेर येईना. मग मी उदाहरणाचा आधार घेतला. म्हटलं, समजा एखाद्याला गोड खाण्याचा मोह आवरत नाही. घरात सगळे झोपले की तो डबा उघडतो. खाऊन झाल्यावर पश्चात्ताप होतो. पुन्हा खाणार नाही अशी शपथ घेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा!

उदाहरण चांगलं जमलं. इतकं जमलं, की मी सव्वा तास त्यातून बाहेरच आलो नाही.

प्रश्नोत्तरांना एक निवृत्त फोरमन उठले. "सर, गूळ चालंल का?"

मला वाटलं, काय नेमकं रूपक पकडलं या माणसाने! मी भारावून पाच मिनिटं उत्तर दिलं. प्रश्न गुळाचा नाही, मनाचा आहे, वगैरे. ते म्हणाले, "म्हंजी थोडा चालंल."

शेवटी आभार मानायला सेक्रेटरी उभे राहिले. "डॉक्टरसाहेबांनी मधुमेहासारख्या अवघड विषयावर अत्यंत सोप्या भाषेत..."

परतताना पाठकबाई गाडी चालवत होत्या. मी शेजारी, मांडीवर प्रोजेक्टर. जंक्शन गाव आलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "माझी शुगर तपासून घ्यावी म्हणते."

* * *

पेशंट कधीच स्वतःसाठी यायचे नाहीत. 'एका मित्रासाठी' यायचे. मारकडांना याचा सराव होता. ते सरळ म्हणायचे, "बरं, मित्राला पडद्यामागं जाऊन शर्ट काढायला सांग." मित्र मुकाट्याने पडद्यामागे जायचा.

माझी पद्धत वेगळी. मी परदेशात शिकलेला. माणसाचा आडपडदा जपत जपत त्याला स्वतःपर्यंत आणायचं, असं माझं तत्त्व.

इंदापूरजवळचा एक जण असाच आला. मोटर रिवाइंडिंगचं काम करायचा. त्याच्या मित्राला व्हिडिओ पार्लरचा नाद होता. नुसता नाद नाही. कामाला म्हणून निघायचा आणि पाय तिकडेच वळायचे, दिवसाचे तीन-तीन खेळ. मी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत बघून हळुवारपणे म्हणालो, "तुमच्या या मित्राला खूप एकटं वाटत असेल, नाही?"

"ते त्यालाच म्हाईत."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं?"

मी वहीत लिहिलं: अजून तयारी नाही.

पुढच्या खेपेला मी आणखी जवळ गेलो. तिसऱ्या खेपेला त्याचा हात हातात घेतला. चवथ्या खेपेला मन शांत करायच्या सौम्य गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, "मित्राने घेतल्या नाहीत तरी चालेल. तुम्ही घ्या. समजलं ना मला काय म्हणायचंय?"

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता बांध फुटणार.

पाचव्या खेपेला तो एका माणसाला दंडाला धरून घेऊन आला. खुर्चीत बसवला. "ह्यो बघा. ह्यो मित्र. आता तरी इस्वास बसला का?"

मी त्या माणसाकडे पाहिलं.  विचारलं, "तुम्ही इतके दिवस का आला नाहीत?"

"मी आजबी येनार न्हवतो, डॉक्टर," तो म्हणाला. "पण तुमच्या गोळ्यांनी ह्यो दुकानात बसल्या बसल्या झोपायला लागलाय. माझं मी बघतो. ह्याचं कायतरी करा!"

* * *

एक दिवसाची परिषदही आम्ही भरवली. इंदापुरात. मला वाटत होतं, दहा डॉक्टर आले तरी खूप. चाळीसच्या वर आले. मी भारावून गेलो. पाठकबाई म्हणाल्या, "भारावू नका. जेवण मारकडांकडे आहे." मारकडांकडचं मटण सोलापूर रस्त्याला दूरपर्यंत प्रसिद्ध होतं.

चर्चा मात्र चांगली झाली. मागच्या रांगांमधून अगदी खोलवरचे प्रश्न आले. एकाने तर डोळे पुसले. मला वाटलं, वातावरण बदलतंय.

जेवणाआधी फोटो. स्टेजसमोर खुर्च्या मांडल्या, मागे बाकडी. फोटोग्राफरने स्टँड लावला आणि ओरडला, "चला, समद्यांनी यायचंय फोटोला!"

एकाला हॉस्पिटलमधून फोन आला होता. एकाची एसटी होती. तिघांना एकदमच हात धुवायचे होते. मी खुर्चीत बसून कॉलर नीट केली आणि वर पाहिलं, तर आम्ही चौघेच. मी, बाई, मारकड, आणि मधे फेटा बांधून तात्या. मागची दोन बाकडी रिकामी.

फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. आम्हाला पाहिलं, बाकड्यांना पाहिलं, पलीकडे मंडपात बसलेल्या पंक्तीला पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "कॅमेरा तिकडं फिरवू का?"

* * *

पण हे सगळं ज्यासाठी, ते रविवारचं बसणं काही जमत नव्हतं.

तात्यांनी वरची दुसरी खोली दिली होती. दहा खुर्च्या गोल मांडलेल्या. दर रविवारी चार वाजता आम्ही चौघे जिना चढायचो, गोलात बसायचो आणि जिन्यावर पाय वाजतात का ऐकत राहायचो. पाच वाजता उठायचो. बाई आणि मारकड त्यासाठी रविवारची झोप सोडून यायचे. महिने चालले होते. दवाखान्यात लोक यायचे, मित्रासाठी, भावासाठी, गावातल्या एकासाठी. गोलात येऊन बसणारा एकही नाही.

एकदा आला! जिन्यावर पावलं वाजली, दारात एक माणूस उभा राहिला. घामाघूम, डोळ्यांत घाई. मी इतका हललो की खुर्चीवरून उठून त्याचे दोन्ही हात धरले. त्याला बसवलं. म्हणालो, "लाजू नका. इथे सगळे आपलेच आहेत. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात की अर्धं काम झालं!"

तो एकेकाच्या तोंडाकडे बघत बघत उठला आणि दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेला.

सोमवारी खताचा दुकानदार तात्यांकडे तक्रार घेऊन आला. "तात्या, माझं गिऱ्हाईक मोडलं. तीन पोती युरिया पायजे होता त्याला. दुकान बंद दिसलं म्हणून वर इचारायला गेला, तर वरच्या डॉक्टरनं हात धरलं आन् सोडंना!"

त्या आठवड्यात पाठकबाईंनी निकाल दिला. "दिवाळीपर्यंत. दिवाळीआधीच्या रविवारपर्यंत एक माणूस, एकच, स्वतःहून वर येऊन बसला तर पुढे चालू. नाहीतर मंडळ बंद, खुर्च्या परत. मला लोकांना बरं करायचंय, वाट बघायची नाही."

मारकड काही बोलले नाहीत. ते गप्प बसले म्हणजे त्यांनाही पटलं होतं.

मी त्या रात्री हिशेब केला. पुण्याला परत जायचं. कॉलेज परत घेणार नाही. बायकोला सांगायचं, की माझं चुकलं. चुकलं असं मला रोजच वाटायचं; ते मोठ्याने सांगावं लागलं नव्हतं, एवढंच. तिसरं वर्ष चालू होतं. रुमाल संपत आले होते.

* * *

दिवाळीआधीचा रविवार.

चार वाजले. सव्वाचार झाले. रस्त्यावर टिकल्यांच्या बंदुका घेतलेली पोरं धावत होती. मारकडांनी घड्याळ पाहिलं. बाई मान खाली घालून नखं बघत होत्या. मी मनातल्या मनात बायकोशी बोलायचं पहिलं वाक्य जुळवत होतो.

जिन्यावर पावलं वाजली.

दारात चाळिशीचा एक माणूस. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी.

"खताचं दुकान खाली आहे," पाठकबाई म्हणाल्या. "बंद आहे आज."

"खत न्हाय पायजे," तो म्हणाला. आणि आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला.

 या वेळी मी तोंड उघडायचं नाही, असं स्वतःला बजावत होतो. शेवटी मारकडच म्हणाले, त्यांच्या मानाने हळू आवाजात, "बोल. नाव नको सांगू. काय वाटंल ते बोल."

"आदी तुमी बोला की," तो म्हणाला. "तुमी माझ्या आदीपासनं येताय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मी अंथुर्ण्याचा. दर रविवारी यष्टीनं येतो. समोरच्या टपरीवर बसतो, दोन चा पितो आन् माघारी जातो. जिना चढायचा धीर हुईना. पण तुमाला बघत हुतो. पाऊस असू दे, लगीनसराई असू दे, तुमी चौघं टायमाला वर चढता आन् तासानं तोंडं पाडून खाली उतरता." तो पाठकबाईंकडे बघून म्हणाला, "म्हणलं, यवढी शिकलेली माणसं. त्यात बाईमाणूस बी हाय. ह्यांचं अजून सुटंना, तरी न चुकता येत्यात. मग आपुन कोण लागून गेलो? म्हणून आलो."

 हा गैरसमज ताबडतोब दूर करणं हे डॉक्टर म्हणून माझं कर्तव्य होतं. मी म्हणालो, "हे बघा, आम्ही खरं तर..."

पाठकबाईंची चप्पल माझ्या पायावर पडली. नुसती पडली नाही, तिथेच राहिली.

"बरोबर आहे तुमचं," बाई त्याला म्हणाल्या. "सोपं नसतं."

"किती वर्सं झाली, ताई तुमाला?"

अर्धा तालुका ज्यांना घाबरायचा त्या पाठकबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पंधरा."

"माझी सात," तो म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. मग तात्यांकडे वळला. "आन् आबा, तुमी या वयात बी?"

"वयाचं काय घिऊन बसलास," तात्या म्हणाले.

त्याने मारकडांकडे पाहिलं. आयुष्यभर सगळ्या गावाला उघड उघड बोलायला लावणारे मारकड पार आक्रसून गेले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले. "माझं तर इचारूच नको."

मग तो बोलला. चाळीस मिनिटं. काय बोलला ते इथे लिहायचं नाही. घरी बायको होती आणि तिला अजून माहीत नव्हतं, एवढंच सांगतो. मधे दोनदा थांबला. तात्यांनी तांब्या पुढे केला. बाईंची चप्पल माझ्या पायावरून कधी निघाली ते मला कळलंही नाही.

पाच वाजून गेले होते. त्याने तोंड पुसलं, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे वळला.

"सर, तुमीच राह्यला."

तिघेही माझ्याकडे बघत होते. मी चष्मा काढला. पुसला. घातला.

"माझं... म्हणजे, माझं असं आहे, की... मला तसं..."

  त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"यवढं महिनं येताय आन् एकदा बी बोलला न्हाय व्हय? असू द्या, सर. काय घाई न्हाय. फुडच्या रविवारी बोला. मी हाय की शेजारी."